गल्ल्यामागून यूपीआय

१६ जून २०२५, सोमवार. शाळा उघडायचा दिवस. आमचं सांगलीत विश्रामबागेकडे छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. सकाळी साडेदहाला तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. लाँग बुकचे गठ्ठे फुटलेले, खाकी कव्हरचे रोल पायात घोटाळत होते आणि काउंटरवर एकाच वेळी चार मोबाइल पुढे आलेले. "काका, स्कॅनर कुठाय?" क्यूआरच्या स्टिकरला आमच्याकडे सगळे स्कॅनरच म्हणतात; मी दुरुस्त करायचा नाद सोडून दिला आहे. स्टिकरशेजारचा डबा दर अर्ध्या मिनिटाला "एकशे चाळीस रुपये मिळाले", "तीनशे दहा रुपये मिळाले" असं ओरडत होता आणि बायको त्या आवाजावर पिशव्या सोडत होती. तिला स्क्रीन बघायला वेळच नसतो.

त्याच दिवसापासून यूपीआयमध्ये एक बदल लागू झाला, हे दुकानात माझ्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं. पैसे पाठवायच्या निरोपाला उत्तर देण्यासाठी बँकेला पूर्वी तीस सेकंद मिळायचे, ते पंधरावर आले. मला कळलं, कारण मी हे असले निरोप वाचण्यातच आयुष्य घालवलंय. १९८९ साली एका नागरी सहकारी बँकेत लागलो, तेव्हा लेजर पोस्टिंगची मशीनं होती. २०२१ मध्ये निवृत्त झालो तो आयटी विभागातून. बँकेचं नाव सांगत नाही; पुढे जे लिहिलंय ते वाचून का ते कळेल.

मोबाइलच्या कव्हरपासून वॉशिंग मशीनपर्यंत लोक सगळ्याचे अभिप्राय लिहितात. दिवसातून वीस वेळा वापरतात त्या यूपीआयबद्दल मात्र "मस्त आहे" किंवा "आज सर्व्हर डाऊन" याच्यापलीकडे कुणी काही लिहीत नाही. म्हणून हा माझा अभिप्राय. पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते शेवटाकडे येईल. आधीच सांगतो, हा अभिप्राय ॲपचा नाही. ॲपं कुठलीही घ्या, उन्नीस-बीस आहेत. मी बोलतोय ते त्यांच्या मागच्या आराखड्याबद्दल, ज्याला आमच्या धंद्यात आर्किटेक्चर म्हणतात. घराचा रंग कसाही असो, पावसाळ्यात गळतं की नाही ते छपराच्या उतारावर ठरतं.

गिऱ्हाइकानं स्कॅन केल्यापासून डबा बोलेपर्यंत काय होतं? त्याचं ॲप निरोप पाठवतं एनपीसीआयला, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या संस्थेला. ती आधी स्टिकरवरचा माझा यूपीआय पत्ता कुठल्या खात्याचा ते विचारून घेते. मग गिऱ्हाइकाच्या बँकेला सांगते, इतके वजा कर. तिचा होकार आला की माझ्या बँकेला सांगते, इतके जमा कर. तिचाही होकार आला की दोन्हीकडच्या ॲपवाल्यांना कळवते. चार घरं आणि मध्ये एक पोस्टमन. कुठलंही घर दुसऱ्या घराशी थेट बोलत नाही. सगळे एनपीसीआयशी बोलतात, तेही ठरलेल्या एकाच भाषेत.

यात दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली पिनची. तुम्ही कुठलंही ॲप वापरा, पिन टाकायचं पान जवळपास सारखंच दिसतं ना? ते पान ॲपवाल्याचं नसतंच. ते एनपीसीआयनं दिलेलं, सगळ्यांत बसवलेलं एकच यंत्र आहे. पिन तिथल्या तिथे कुलूपबंद होतो आणि ॲपवाल्याकडे किल्ली नसते. पिन बरोबर की चूक हे शेवटी ठरवते फक्त तुमची बँक. म्हणजे उद्या एखाद्या ॲप कंपनीच्या सगळ्या नोंदी चोरीला गेल्या, तरी त्यात लोकांचे पिन सापडणार नाहीत. कुणीतरी शहाण्यानं कागदावरच हे ठरवून टाकलं की ज्याला जे माहीत असायची गरज नाही, ते त्याच्या हातात पडूच द्यायचं नाही. नंतर कितीही चांगले प्रोग्रॅमर आणले तरी असली गोष्ट मागाहून बसवता येत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. माझ्या काउंटरवरचं स्टिकर २०१८ सालचं आहे. त्याच्या एका कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे. सांगलीत राहतो, त्याला इलाज नाही. मध्यंतरी मी दुकानाचं खातं एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेलं. पूर्वी अशा वेळी लेटरहेड, बिलबुकं, पाटी, सगळं बदलावं लागायचं. इथे ॲपमध्ये जाऊन मागचं खातं बदललं आणि स्टिकर तेच राहिलं, डागासकट. गिऱ्हाइकाला पत्ताही लागला नाही. पत्ता वेगळा, खातं वेगळं, दोघांमध्ये एक पातळ पडदा. हा पडदा नसता तर काय झालं असतं, ते मी बत्तीस वर्षं जवळून पाहिलंय.

आता तीच गोष्ट सांगतो.

२०१७ च्या सुमारास आमची बँक यूपीआयवर आली. थेट नाही, लहान बँका मोठ्या बँकेच्या आडोशानं येतात, तशी. निरोप एनपीसीआयकडून आमच्या पुरस्कर्त्या बँकेच्या स्विचवर, म्हणजे निरोप पुढे वळवणाऱ्या यंत्रणेवर, आणि तिथून आमच्या कोअर बँकिंगवर, म्हणजे सगळी खाती सांभाळणाऱ्या प्रणालीवर. आमचं कोअर म्हणजे एकच मोठा वाडा. एका डेटाबेसमध्ये सगळं, आणि ज्याला जे हवं ते तो थेट टेबलातून उचलायचा. पासबुक छापणारा प्रोग्रॅम, व्याज काढणारा, चेक रिटर्न मेमो, ऑडिटरचे रिपोर्ट, सगळे एकाच माजघरात. तेव्हा आम्हाला त्याचा अभिमान होता. एका ठिकाणी माहिती आहे, कुणालाही कधीही मिळते, आणखी काय पाहिजे!

त्या टेबलात तपशिलाचा एक रकाना होता, पंचवीस अक्षरांचा. "बाय कॅश", "टू चेक नंबर अमुक" एवढं मावलं की झालं. यूपीआयचा तपशील आला तो असा: यूपीआय, तिरकी रेघ, बारा आकडी संदर्भ क्रमांक, तिरकी रेघ, नाव, तिरकी रेघ, आणि पैसे पाठवणाऱ्यानं लिहिलेला शेरा. पंचवीस अक्षरांत संदर्भ क्रमांक कसाबसा मावायचा आणि नावाची पहिली सात-आठ अक्षरं. पासबुकावर छापून यायचं ते "चंद्रकांत" नाही, "चंद्रक". दुसऱ्या महिन्यात शाखाशाखांतून बोंब सुरू झाली. "हे चंद्रक कोण? मला चार चंद्रकांत पैसे देतात!"

साधा उपाय होता. रकाना पंचवीसचा साठ करायचा. आमच्या साहेबांनी विचारलं, "किती वेळ लागेल?" मी म्हटलं, "बदलायला पाच मिनिटं." खोटं नव्हतं. रकाना पाच मिनिटांत वाढला. त्या रात्री टेस्ट सर्व्हरवर अकरा प्रोग्रॅम कोसळले. प्रत्येकानं आपापल्या परीनं गृहीत धरलेलं होतं की तपशील पंचवीसचाच. पासबुक प्रिंटर एका ओळीच्या दोन ओळी करून पुढच्या पानावर मधूनच सुरू व्हायचा. एका रिपोर्टचे रकाने सरकले आणि रकमेच्या जागी नाव आलं. अकराच्या अकरा दुरुस्त करायला सात आठवडे गेले. बदल प्रत्यक्ष लागू झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले.

पेढे पचायच्या आत तिमाही संपली. टीडीएसची, म्हणजे व्याजावर कापायच्या कराची यादी काढली. ऑडिटर कागद हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "अहो, तुमची बँक चालू खात्याला व्याज देते का?"

चालू खात्याला व्याज नसतंच. पण यादीत एका रंगाच्या दुकानाचं चालू खातं होतं आणि त्या तिमाहीत त्याला सव्वादोन लाख रुपये व्याज मिळालेलं दिसत होतं. दोन दिवस आम्ही शोधत होतो. शेवटी सापडलं ते असं: कधीकाळी कुणीतरी, बहुधा व्हेंडरच्या माणसानं, व्याजाच्या नोंदी ओळखण्यासाठी सोपी युक्ती केली होती. तपशिलात आय-एन-टी ही तीन अक्षरं कुठेही सापडली की ती नोंद व्याजाची, 'इंटरेस्ट'ची. जोवर तपशील आमचेच क्लार्क लिहीत होते तोवर ही युक्ती ठीक चालली. आता रकाना साठ अक्षरांचा झाल्यावर लोकांचा शेराही त्यात मावायला लागला, आणि रंगाच्या दुकानाला पैसे पाठवणारी माणसं शेऱ्यात काय लिहिणार? 'पेंट'. इंग्रजीत त्याची शेवटची तीन अक्षरं बघा.

ज्या माणसानं ती युक्ती केली त्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. दोष वाड्याचा होता. टीडीएसची यादी काढणाऱ्याला तपशिलाच्या रकान्यात डोकावायची सोयच नसती, तर त्यानं व्याज विभागाला नीट विचारलं असतं: ही नोंद तुमची आहे का? पण सगळ्या खोल्यांना दारंच नव्हती, मग लोक भिंतीतून हात घालणारच. बाहेरून आम्ही चकाचक दिसायचो. एसएमएस वेळेवर, शाखेत एसी, टोकनचं मशीन. पण पासबुकाची एक ओळ लांब केली तर टीडीएस चुकायचा. मोठ्या प्रणालीचा दर्जा कुठे बघावा असं मला कुणी विचारलं तर मी रंगाचं दुकान सांगतो.

दुसरं दुखणं रात्रीचं. सहकारी बँकेत डे-एंड नावाचा सोहळा असतो. दिवसभराचे व्यवहार बंद करायचे, व्याज लावायचं, उद्याची तारीख उघडायची. आमच्याकडे रात्री साडेनऊला सुरू करून साडेबारापर्यंत चालायचा आणि तेवढा वेळ खाती कुलूपबंद. एटीएमचं कसं भागायचं? डे-एंडआधी सगळ्या खात्यांच्या शिलकेची एक फाइल एटीएमच्या स्विचला देऊन ठेवायची. रात्रभर तो त्या फाइलवर पैसे द्यायचा आणि सकाळी हिशोब सांगायचा. गावात रात्री अकरानंतर एटीएमवर जाणारी माणसं मोजकीच, निभून जायचं. यूपीआय आल्यावर पावणेबाराला स्टँडवरच्या चहाचे दहा रुपये यायला लागले. ते कुठल्या तारखेला टाकायचे, आजच्या की उद्याच्या, यावर आमच्याकडे खरोखर मीटिंग झाली होती. चहा-बिस्किटांसह.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की दुकानात तुमच्या मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहतं, तेव्हा तुम्ही ज्याला 'यूपीआय डाऊन' म्हणता ते बहुतेक वेळा असा एखादा वाडा असतो. यूपीआयचा आराखडा देखणा, पण त्याची चार घरं चार वयांची. ११ एप्रिल २०१६ ला सुरुवात झाली तेव्हा २१ बँका होत्या. आता साडेसहाशेच्या वर आहेत. या साडेसहाशेंत आमच्यासारखे वाडे किती, देव जाणे. मधला पोस्टमन कितीही चपळ असला तरी शेवटच्या घरातल्या आजोबांना दार उघडायला लागतील तेवढे सेकंद लागणारच.

आजोबांवरून आठवलं. गेल्या वर्षी एका निवृत्त गुरुजींचे आठशे साठ रुपये अडकले. नातवासाठी कंपास, वह्या, चित्रकलेचं साहित्य. त्यांच्या मोबाइलवर हिरवी खूण नाही आणि लाल फुलीही नाही, नुसतं "प्रक्रिया सुरू आहे". डबा गप्प.

"अहो, माझ्याकडनं कट झालेत. हा बघा मेसेज."

"गुरुजी, दिसतंय मला. पण माझ्याकडं आलेले नाहीत."

"मग गेले कुठं?"

हा प्रश्न बाकी अचूक होता. मागे दोन माणसं उभी होती, गुरुजींचा चेहरा पडला, आणि शेवटी त्यांनी पाकिटातून पाचशेची एक, शंभराच्या तीन आणि साठ रुपये सुटे काढून दिले. मी घेतले. घ्यायला नको होते असं आता वाटतं, पण तेव्हा घेतले.

गेले कुठे, ते सांगतो. यूपीआयमध्ये आधी वजा होतं, मग जमा. उलटं कधीच नाही. गुरुजींच्या बँकेनं वजा केले, होकार दिला. माझ्या बँकेला जमा करायला सांगितलं आणि तिनं वेळेत उत्तरच दिलं नाही. तिनं जमा केले नाहीत, की केले पण सांगायला उशीर झाला, हे मधल्या पोस्टमनला कळायला मार्ग नाही. मग तो काय समजतो? समजतो की झालं असावं. याला डीम्ड म्हणतात. पुढचं बँकांनी आपापसात हिशोब जुळवून निस्तरायचं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराच्या व्यवहारात पाच दिवसांत पैसे परत फिरले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळते, आणि तीही त्यानं तक्रार न करता. आपसातल्या पाठवणीत हीच मुदत एका दिवसाची आहे.

मला हा क्रम पटतो. पैसा काही वेळ मध्ये लटकेल, पण दोन ठिकाणी एकाच वेळी कधीही असणार नाही. लटकलेला पैसा शोधता येतो. दुप्पट झालेला पैसा मात्र वसूल करावा लागतो आणि ते किती अवघड असतं ते बँकेतल्या कुणालाही विचारा. फक्त हे सगळं गुरुजींना काउंटरवर उभं राहून कसं समजवायचं, त्याची सोय कुठल्याही आराखड्यात नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ते आठशे साठ माझ्या खात्यात आले. डबा बोलला नाही, स्टेटमेंटवरून मला कळलं. नातवाला शाळेच्या बाहेर गाठून निरोप दिला. गुरुजी आले. मी मोबाइल काढला तर म्हणाले, "नको, नको. परत मध्येच राहिले तर? रोखच द्या."

डब्याबद्दल मात्र चांगलं बोललं पाहिजे. लोकांना वाटतं ते दुकानाचं कौतुक म्हणून ठेवलेलं खेळणं आहे. डब्यात वेगळं सिम असतं आणि बातमी त्याला दुकानदाराच्या बाजूनं येते. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काय दिसतंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही. खोटी हिरवी खूण दाखवणारी ॲपं निघाली आहेत. कॉलेजच्या पोरांनी माझ्यावर एकदा प्रयोग केला. डबा गप्प राहिला, मीही गप्प राहिलो, पोरं वह्या ठेवून गेली. निरोपाची वाट वेगळी ठेवली की काय फायदा होतो, ते याहून सोपं करून मला सांगता येणार नाही.

आता २०२५ च्या मार्च-एप्रिलचं. २६ मार्च ते १२ एप्रिल या अडीच आठवड्यांत यूपीआय देशभर पुन्हा पुन्हा अडखळलं. १ एप्रिलचं समजण्यासारखं होतं. आर्थिक वर्ष बंद करताना काही बँकांचे वाडे नेहमीच करकरतात. १२ एप्रिलचं कारण मात्र वाचून मी हसलो आणि मग गप्प झालो. यूपीआयमध्ये एक निरोप असतो, "त्या व्यवहाराचं काय झालं?" असं विचारणारा. व्यवहार अडकला की तो पाठवायचा. काही बँकांच्या यंत्रणा हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत सुटल्या, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. थोडं मंद झालं, म्हणून जास्त विचारलं. जास्त विचारलं, म्हणून आणखी मंद झालं. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी सगळे एकदम "गाडी आली का, गाडी आली का" करायला लागले की आतला माणूस कुणालाच उत्तर देऊ शकत नाही, तसं. पैशांच्या निरोपांनी मोडलं नाही ते चौकशीच्या निरोपांनी मोडलं.

हा धडा आम्ही बँकेत फुकट शिकलो होतो. आमचं शाखेतलं एक स्क्रीन उत्तर आलं नाही की आपोआप पुन्हा विचारायचं, थांबा न घेता. लाइन मंद असली की सोळा शाखा मिळून सर्व्हर झोपवायच्या. शेवटी "दर वेळी दुप्पट थांबून विचार" असं केलं तेव्हा निवांत झालो. म्हणून १ ऑगस्ट २०२५ पासून जे नियम आले ते मला उशिरा आलेले शहाणपण वाटतात. चौकशी जास्तीत जास्त तीनदा आणि दोन चौकशांत निदान नव्वद सेकंद. एका ॲपवरून दिवसाला पन्नास वेळाच शिल्लक बघायची. हप्त्यांची आपोआप वजावट गर्दीच्या वेळा सोडून, म्हणजे सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ सोडून. औषध योग्य आहे. पण पाहुणा नीट वागेल याच्या भरवशावर घर बांधायचं नसतं, दारातच आडणा बसवायचा असतो. तो नऊ वर्षांनी बसला. तोवर महिन्याचे व्यवहार दोन हजार कोटींकडे पोचले होते; ऑगस्टमध्ये तो आकडाही ओलांडला.

यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चासाठीची बिनपिनची सोय, तिला मात्र दहापैकी दहा. सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि माझ्या मते यूपीआयमधली सगळ्यात हुशार चाल ती आहे. मोबाइलमध्ये पाच हजारांपर्यंत वेगळे काढून ठेवायचे, हजाराच्या आतला खर्च त्यातून, पिन नाही. दुकानदाराला पैसे नेहमीसारखे खात्यातच येतात. पण गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वाड्याला प्रत्येक चहासाठी उठावं लागत नाही. दहा रुपयांच्या व्यवहाराला आणि दहा लाखांच्या व्यवहाराला तोच सोहळा कशाला, हा प्रश्न कुणीतरी विचारला याचा आनंद आहे. आणि पासबुक! पूर्वी एका महिन्यात पासबुक भरायचं, चहा, रिक्षा, कोथिंबीर यांनी. लाइट वापरलं की एकच ओळ: अमुक रुपये लाइटमध्ये भरले. आमच्या त्या पासबुक प्रिंटरनं हे दिवस पाहायला हवे होते.

मग तारा कशासाठी कापला? पैसे मागायच्या सोयीसाठी. यूपीआयमध्ये पहिल्यापासून दोन दिशा होत्या: मी पाठवतो, किंवा मी मागतो आणि तुम्ही पिन टाकून मंजूर करता. कागदावर ही जोडी इतकी सुबक दिसते की कुठल्याही आर्किटेक्टला मोह व्हावा. तोच निरोप, फक्त दुसऱ्या टोकापासून सुरू. पण साध्या माणसाच्या डोक्यात "पिन टाकला की काहीतरी होतं" एवढंच असतं. "काकू, तुमचा जुना सोफा घेतो, पैसे पाठवतोय, मिळवण्यासाठी पिन टाका." आमच्या गल्लीतल्या दोन घरांत असे पैसे गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मी दुकानात पाटी लावून सांगतोय. यंत्रणेत चूक काहीच नव्हती, प्रत्येक निरोप नियमाप्रमाणे गेला, आणि तरी लोक लुटले गेले. माणसामाणसातली ही मागणीची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. दुकानदार, कंपन्या अजून मागू शकतात. माझा तारा तरीही परत मिळणार नाही.

अर्धा तारा आणखी कापायचा मोह होतो तो दोन ॲपांसाठी. इतका उघडा आराखडा, कुणीही यावं, आणि व्यवहार मात्र ऐंशी टक्क्यांच्या आसपास दोघांकडेच. पण तो आराखड्याचा नाही, आपला गुन्हा आहे; माझ्याही मोबाइलमध्ये त्यातलंच एक आहे. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क शून्य आहे, तेव्हा मी फार आवाज करत नाही.

दुकानदार मित्रांसाठी एक कामाची गोष्ट. काउंटरवर दोन स्टिकर ठेवा, दोन वेगळ्या बँकांच्या खात्यांची. दोन ॲपं असून उपयोग नाही, मागे बँक एकच असेल तर दोन्ही एकदम झोपतात. गुरुजींच्या प्रकारानंतर मी दुसरं स्टिकर आणलं आणि काचेखाली ठेवलं. बायको म्हणते, त्याचा डबा नाही, मग कळणार कसं पैसे आले ते? म्हणून दुसरा डबाही मागवला. आता एक डबा मराठीत बोलतो, दुसरा हिंदीत, आणि जूनच्या गर्दीत दोघं एकदम बोलायला लागले की तिसऱ्या गिऱ्हाइकाला "किती झाले?" ते मला ओरडून सांगावं लागतं.